मागच्या माणसाची बरगडी

५ जून, गुरुवार. नागाव

सकाळी सकाळी दादाचा फोन. या वेळेला तो कधी फोन करत नाही, मुरुडला त्याच्या एक्स-रे सेंटरवर रांग असते. आधी आईची चौकशी, मग पावसाची, मग माझ्या कंपनीची. तेव्हाच ओळखलं, याचं काहीतरी बिघडलंय.

"तू जोडून दिलेला कॉम्प्युटर," शेवटी म्हणाला, "एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर टाकू शकतो का?"

"नाही."

"विचार करून सांग."

"विचार करूनच सांगतेय."

प्रकरण असं. मे अखेरीस सरफराज म्हणून मुरुडचाच एकजण छातीचा एक्स-रे काढून गेला. आखातात जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी लागत होती. खरी तपासणी मुंबईला व्हायची, त्याआधी स्वतःच्या खात्रीसाठी काढलेला. दादाने रिपोर्ट दिला: उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग, क्षयाचा संशय. नोकरीच्या एजंटाला ते कळलं, त्याने नाव मागे टाकलं. सरफराजने पनवेलला जाऊन पुन्हा फोटो काढला. स्वच्छ! काल येऊन दोन्ही फोटो दादाच्या टेबलावर आपटले.

जुना कॉम्प्युटर एप्रिलमध्ये मेला तेव्हा नवा मीच उभा केला. जुन्यात जेमतेम चार जीबी मेमरी. मागचे फोटो उघडायला वेळ लागतो ही दादाची कायमची कटकट. नव्यात सोळा घातली, कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी बसून सगळं हाताळणारा प्रोग्रॅम, माझ्या हाताने बांधला. मशीनमध्ये किती का मेमरी असेना, कर्नलला ती नीट हाताळता आली पाहिजे, याच कामावर माझं पोट चालतं. (आई अजून समजते की कर्नल म्हणजे कोणी लष्करातला साहेब आणि मी त्याच्या हाताखाली आहे.) माझ्या कर्नलमध्ये एकाचं दुसऱ्याला जात नाही.

फोटो काढतं कोण, विचारलं. "प्रमिला. दुसरं कोण असणार?"

मग माणसाकडे बघ आधी. हे त्याला बोलले नाही. त्याच्याही मनात तेच असणार, नाहीतर इतका गोल गोल आला नसता.


६ जून, शुक्रवार

स्कूटरने मुरुड. काशीदच्या घाटात गाड्यांची रांग, पर्यटकांना पावसातही समुद्रच हवा.

सरफराजचा फोटो पाहिला. डाग आहे, मलाही दिसला. पण दुसरंही एक दिसलं. डाग आहे त्या भागात आडवी एक पट्टी अशी आहे की तिच्या काठावर बरगड्या जुळत नाहीत. वरची बरगडी येते आणि किंचित सरकून पुढे जाते. केसाएवढा फरक. दादा म्हणाला, पेशंट हलला असेल असं मला वाटलं. माणूस हलला तर अख्खा हलतो, पट्टीपुरता कसा हलेल? हे कोणीतरी जोडलंय.

जोडता येतं. लांब कण्याचे फोटो प्रमिला दोन तुकडे जोडूनच करते, तिला ते सॉफ्टवेअर हातासारखं चालतं. अकरा वर्षं आहे ती इथे. मूळ पेणची, आगरदांड्याला दिलेली. मी कॉम्प्युटर उघडून बसले तेव्हा दाराशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"ताई, कधीकधी फोटो वाकडा येतो. परत काढला की बरोबर येतो."

"कधीपासून?"

"नवीन मशीन आल्यापासून. डॉक्टरांना बोलले व्हते मी."

दादा म्हणाला, मला आठवत नाही. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता.

दुपारी सेंटर रिकामं झाल्यावर चाचणी घेतली. प्लेटवर स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढत गेले. पुन्हा पुन्हा, मेमरी भरेपर्यंत, ती भरून वाहीपर्यंत. प्रत्येक वेळी पट्टी जिथल्या तिथे. एक रेघ इकडची तिकडे नाही. दादाला सांगितलं, मशीन स्वच्छ आहे.

मग त्याने मला ते दाखवलं जे बहुधा सकाळपासून दाखवायचं होतं. त्या दिवशी सरफराजच्या लगेच आधी कोणाचा फोटो काढला होता? नीलेश म्हात्रे. प्रमिलाचा सख्खा दीर. खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला बार्जवर नोकरीला लागायचं होतं त्याला, छाती स्वच्छ असल्याचा दाखला हवा होता. मिळाला. तो रुजूही झाला.

"आता बोल," दादा म्हणाला.

बाहेर प्रमिला फरशी पुसणाऱ्या बाईशी हसत होती. ते हसणंही मला जरा जास्तच मोकळं वाटलं.


८ जून, रविवार

वहिनीचा फोन. काउंटर ती सांभाळते, तिच्यासमोरच झालं सगळं. काल संध्याकाळी दादाने प्र.ला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. कारणही तोंडावर सांगितलं: दिराचा डाग कापून दुसऱ्याच्या छातीत चिकटवलास.

ती रडली नाही म्हणे. एवढंच म्हणाली, "मना एवढं येत असतं डॉक्टर, तर मी हितं कशाला राहिले असते?"

दादाला हे उर्मट वाटलं. वहिनीला नाही. "अगं, मला ते खरं वाटलं," म्हणाली.

दादाने तिला सांगताना माझं नाव घेतलं. बहिणीने मशीन तपासलंय, ती यातली जाणकार आहे. घ्यायची काय गरज होती?

आई विहारातून आली, विचारलं, तोंड का पाडून बसलीस. सांगितलं, दादाकडची बाई लबाड निघाली. आई म्हणाली, "कोण, प्रमिला? ती मला हाताला धरून रिक्षात बसवायची." म्हणजे काही सिद्ध होत नाही. लबाड माणसंही हाताला धरतात.

खरं सांगायचं तर मशीनमध्ये दोष सापडला नाही याचा मला आनंद झाला होता. परवा घरी येताना स्कूटरवर गाणं म्हणत आले. त्या आनंदाचा आता संशय येतोय.


१० जून, मंगळवार

कंपनीतून एका नवीन मुलाचं काम घरी माझ्याकडे तपासायला आलं. मेमरीचा कोणता तुकडा कुठे जातो हे पाहण्यासाठी त्याने चाचणी लिहिलीय आणि सगळीकडे एकच आकडा भरलाय. मी फटकारलं: सगळीकडे सारखंच भरलंस तर एका जागचं दुसरीकडे गेलं हे तुला कसं कळणार?

पाठवलं, उठून चहा टाकला, आणि तशीच उभी राहिले.

स्टीलची पट्टी. सगळे फोटो एकाच पट्टीचे. मशीन मागच्या फोटोचा तुकडा पुढच्यात टाकत असेल तर? मागचीही पट्टी, पुढचीही पट्टी. मला काय दिसणार होतं?

आणि प्र. म्हणाली होती, परत काढला की बरोबर येतो. येणारच. परत काढताना मागचा फोटो त्याच माणसाचा असतो.

चहा उतू गेला. गॅस पुसला. मग कार्डाचा ड्रायव्हर उघडून बसले. एक्स-रे प्लेटकडून फोटो घेऊन मेमरीत ठेवणारं ते जुनं कार्ड, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कार्डाच्याच कंपनीने कधीकाळी लिहिलेला. मी तो नव्या कर्नलमध्ये फक्त बसता केला. ओळ न् ओळ वाचली होती का? वाचली होती असं मी स्वतःला सांगत होते.

अजून दादाला काही सांगितलेलं नाही. आधी डोळ्यांनी बघू दे.


११ जून, बुधवार. मुरुड

वाटेत रेवदंड्याच्या बाजारातून जिताडा घेतला, खाडीतला, चांगला हातभर. कोळीण म्हणाली, कालवणाला तुकडे करून देऊ? म्हटलं, नको, अख्खा हवाय. तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

सेंटरवर पेशंट संपल्यावर प्लेटवर प्लॅस्टिक अंथरून आधी जिताडा ठेवला. फोटो. मग तो उचलून वहिनीच्या चाव्यांचा जुडगा. फोटो. मग परत मासा, मग कुकरचं झाकण. असं आलटून पालटून. बरेच फोटो ठीक आले. दादा दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

मग आला. चाव्यांचा जुडगा, आणि त्याच्या मधून आरपार माशाचा कणा. बारीक काट्यांसकट. वर चाव्या, खाली चाव्या, मध्ये एका पट्टीत जिताडा.

वहिनी "अगं बाई" म्हणून मागे सरकली. दादा पुढे आला आणि खुर्चीत बसला. नंतरच्या फोटोत, म्हणजे माशाच्या, त्याच जागी चाव्यांचे दात. एकेक पाऊल मागे. प्रत्येकाच्या फोटोत मागच्याचा तुकडा.

दादाला समजावलं. कार्ड जुनं, त्याला चार जीबीपर्यंतचेच पत्ते कळतात. त्याच्या वरची मेमरी त्याच्या लेखी नाहीच. जुन्या कॉम्प्युटरमध्ये वरचं काही नव्हतंच, म्हणून कधी अडलं नाही. नव्यात आहे. अशा वेळी कर्नल काय करतो, खाली ओटीवर जागा ठेवतो. कार्डाने माल ओटीवर टाकायचा, कर्नलने तो उचलून माळ्यावर न्यायचा. पण हा ड्रायव्हर माल वर पोचायच्या आधीच माळ्यावर जाऊन बघतो. तिथे मागच्या माणसाचं पडलेलं असतं. तेच उचलतो आणि म्हणतो, हा घ्या तुमचा फोटो. प्रत्येक वेळी होत नाही, एखादी पट्टी माळ्यावर पडली तरच.

"म्हणजे तुझ्या कर्नलचा दोष नाही," दादा म्हणाला.

"ड्रायव्हरचा आहे. पण मेमरी मी वाढवली, आणि ड्रायव्हरवर मी विश्वास ठेवला."

त्याने चाव्यांचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे एप्रिलपासूनचे सगळे?"

सगळे नाहीत. छातीवर गुडघा आला असता तर कोणालाही दिसलं असतं, प्र.ने ते तेव्हाच परत काढले. धोका फक्त छातीनंतर छाती आली त्या फोटोंना. नोकरीच्या दाखल्यांचे दिवस.

"हे आत्ता आपल्या तिघांत राहू दे," दादा म्हणाला.

मासा वहिनीने घरी नेऊ दिला नाही. क्ष-किरण लागलेला म्हणे. म्हटलं, माणसांना लागतात ते चालतं. बाहेर रिक्षावाल्याला दिला, तो खूश.


१२ जून, गुरुवार

ड्रायव्हर दुरुस्त होईपर्यंत थांबायला नको म्हणून काल निघण्याआधीच कर्नलला सांगून ठेवलं, फक्त खालची चार जीबीच वापर. बारा जीबी बंद. सेंटर आता पुन्हा जुन्यासारखं हळू चालेल, पण खरं चालेल. आज ड्रायव्हर दुरुस्त केला. एक ओळ दुसरीच्या आधी होती ती नंतर नेली. एवढंच.

कार्डाच्या कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, म्हणजे कोणी वाचलंच नसणार: एवढ्या मेमरीसाठी हे कार्ड प्रमाणित नाही.

दुपारी आणखी एक करून पाहिलं. सरफराजच्या फोटोतली ती पट्टी कापून नीलेशच्या फोटोत त्याच जागी बसवली. बरगड्या जुळल्या. अगदी अशा की कुठे शिवण होती ते मलाच सापडेना. डाग नीलेशचाच; त्याच्या मूळ फोटोत त्याच्याही आधीच्या माणसाची स्वच्छ पट्टी आली होती.

म्हणजे नीलेश म्हात्रे छातीत डाग घेऊन बार्जवर चार माणसांच्या केबिनमध्ये झोपतोय आणि त्याच्या खिशात माझ्या भावाच्या सहीचा दाखला आहे.

दादाला फोन. म्हणाला, शिवलेल्या फोटोवर मी काही करणार नाही, नवीन फोटो हवा. बरोबर आहे. मग बोलाव त्याला, म्हटलं. आणि बाकीच्यांनाही. तर म्हणाला, "बघू." आणि मग: "प्रमिलाने केलं असेल असं गावाला वाटतंय, तर एकच फोटो चुकलाय. मशीनने केलं म्हटलं की सगळेच चुकलेत. सेंटर बंद करावं लागेल, कळतंय का तुला?"

कळतंय. त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं का, हा प्रश्न. तिने परत काढलेले फोटो, तिने सांगितलेलं, "मला आठवत नाही." माझा भाऊ. त्याच्या स्कॉलरशिपच्या पैशातून माझं पहिलं पुस्तक आलं. आज पहिल्यांदा त्याच्या आवाजात मला दुकानदार ऐकू आला.


१४ जून, शनिवार

वहिनीने सोडवलं.

मी दोन दिवस फोनवर भांडत होते. तिने भांडण केलंच नाही. संध्याकाळी जेवायला वाढताना म्हणाली, "माझ्या आईचा छातीचा फोटो मेमध्येच काढला होता. तुम्ही स्वच्छ म्हणालात. तिला परत आणू की नको, तेवढं सांगा." आणि ताटात भात वाढत राहिली.

तिनेच मला फोनवर हे सांगितलं. मागून दादाचा आवाज येत होता, मेसेज लिहून घेत होता कुणाकडून तरी. मशीनमधल्या दोषामुळे काही छातीचे फोटो पुन्हा काढावे लागतील, फी नाही, येण्याजाण्याचा खर्च सेंटर देईल. दोषामुळे हा शब्द त्याने बदलला नाही. मी वाट बघत होते की तांत्रिक अडचणीमुळे म्हणेल.

सरफराजला दादाने स्वतः फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, माफी राहू द्या, माझ्या एजंटला कागदावर लिहून द्या." दिलं.


१५ जून, रविवार

आगरदांड्याला प्र.च्या घरी. मी आणि दादा. वादळामुळे दिघीची फेरीबोट बंद, जेट्टीवर गाड्या तशाच उभ्या. तिचा नवरा जेट्टीवरच कामाला, आज घरी होता. त्याने खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभा राहिला. सासूने आतून एकदा डोकावून पाहिलं.

दादाने माफी मागितली. नीट मागितली, उगाच म्हणणार नाही. मीही मागितली, मशीन स्वच्छ आहे असं मीच सांगितलं होतं. उद्यापासून परत कामावर ये, दादा म्हणाला.

प्र. ऐकत होती. मग म्हणाली, "मासा ठेवला व्हता म्हणे प्लेटीवर?"

"हो."

"प्लेट धुतली का नीट? वास र्‍हातो."

नवरा हसला. तेवढ्यात दादाने नीलेशचं काढलं. त्याला बोलवा, शक्य तितक्या लवकर. खोकला आहे का त्याला? नवरा बायकोकडे बघायला लागला. प्र. म्हणाली, "शिमग्यापासून खोकतो. सिगारेट वढतो ना." पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन? का मला आता सगळंच तसं ऐकू येतंय?

परतताना दादा मऊ झाला होता. "आपण तिच्यावर फार अन्याय केला. मुलगी आहे तिची, याच घरात, नीलेशच्या शेजारी जेवायला बसणारी. तिला माहीत असतं तर तिने असं होऊ दिलं असतं का?" खरं आहे. मलाही तेच वाटलं.


१७ जून, मंगळवार

बोट सुरू झाली. नीलेश आला. मी मुद्दाम थांबले होते.

उंच, हसरा, गळ्यात बार्जच्या कंपनीचं कार्ड. मला म्हणाला, "तुमीच का त्या कॉम्प्युटरवाल्या ताई?" फोटो प्र.ने काढायचा नाही असं दादाने ठरवलं, स्वतः काढला.

डाग आहे. मी जोडला होता तिथेच, त्याहून थोडा पसरलेला.

दादाने त्याला समोर बसवून सांगितलं. बरा होणारा आजार आहे, सरकारी दवाखान्यात औषध फुकट, मध्ये सोडायचं नाही. नीलेश मान हलवत होता. मग विचारलं, "नोकरी?" दादाने त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचा कंपनीचा नंबर उतरवून घेतला. बार्जवरच्या तिघांनाही तपासायला लागेल, तो फोन दादानेच केला.

नीलेश बाहेर आला तेव्हा प्र. बाकावर होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने खाली. घरच्या माणसाला असं काही कळलं की बायका रडतात, विचारतात, पाठीवर हात ठेवतात. तिने पाण्याची बाटली पुढे केली फक्त.

मी कशाला एवढं बघतेय?


१९ जून, गुरुवार. नागाव

दुरुस्त ड्रायव्हर सेंटरवर बसवण्याआधी पुन्हा वाचला. या वेळी खरोखर ओळ न् ओळ.

एक गोष्ट. फोटो निघतो त्या क्षणी ऑपरेटरच्या स्क्रीनवर आधी एक छोटं चित्र येतं, पूर्ण फोटो नंतर. त्या छोट्या चित्राचा रस्ता वेगळा आहे. त्याची जागा कायम खालीच, ओटीवर. ते कधी माळ्यावर जात नाही. म्हणजे ते कधीच चुकत नव्हतं.

म्हणजे त्या दिवशी नीलेशचा फोटो काढताना प्र.च्या समोर आधी खरं चित्र आलं. डागासकट. दोन-चार सेकंद. मग पूर्ण फोटो आला, स्वच्छ.

छोटं चित्र अंधुक असतं. तळहाताएवढं. त्यात मला डाग ओळखू आला नसता. अकरा वर्षं छात्या बघणाऱ्या बाईला?

वाकडा आला की ती परत काढायची. तो परत नाही काढला.

तिने काही कापलं नाही, काही चिकटवलं नाही, हे आता कोणीही सांगेल. पण मशीन खोटं बोलल्यावर ती गप्प बसली असेल तर तो गुन्हा कुठे धरायचा, कोणत्या ओळीत?

दादाला फोन लावला आणि आईच्या गोळ्यांबद्दल विचारून ठेवून दिला.


२१ जून, शनिवार. मुरुड

प्र. सोमवारपासून पुन्हा कामावर आहे. परत बोलावलेल्यांपैकी बरेचजण येऊन गेले. आणखी एक फोटो सरकलेला निघाला, दोघंही निरोगी, नशीब. वहिनीच्या आईचा ठीक. सरफराजचं नाव एजंटाने परत घातलं, जायचं कधी ते अजून कळत नाही.

आज नीलेशच्या घरच्यांची तपासणी. दादाने सेंटरवरच बोलावलं सगळ्यांना. सासू, नवरा, नीलेशची बायको. एकेक करून झाले. दादा यादीकडे न बघताच म्हणाला, "आणि मुलगी? अनुष्काला नाही आणलंत?"

"ती पेणला हाय," प्र. म्हणाली. "माझ्या आईकडं. शाळा तिकडची चांगली हाय म्हणून घातली."

शाळा सोमवारीच उघडल्या. दादाने मान हलवली, तिकडे तपासून घ्या म्हणाला, पुढच्या कामाला लागला. त्याला त्यात काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नाही, जूनमध्येच मुलं शाळा बदलतात.

मी सासूशेजारी बाकावर बसले होते. सहज विचारलं, तुमच्याशिवाय करमत असेल का तिला.

"न्हाय वो," म्हातारी म्हणाली. "रडत गेली. सुट्टी बी सरली नव्हती तवा. मी बोलले, र्‍हाऊ दे की जूनपर्यंत, तर ही ऐकंना."

"कधी गेली?"

"आंबे सरायचे व्हते तवा."

मे अखेर. म्हणजे फोटोच्या आधी की नंतर, ते म्हातारीला विचारून कळणार नाही. फोटोच्या आधी गेली असेल तर खोकल्याला घाबरून पाठवली असेल, कोणतीही आई पाठवेल. नंतर गेली असेल तर...

दुपारी सेंटरवरची गर्दी ओसरल्यावर आत गेले. प्र. शिशाच्या काचेमागे कॉम्प्युटरपाशी होती. दार लोटून घेतलं.

"प्रमिला, नीलेशच्या वेळी ते पहिलं छोटं चित्र आलं असेल ना समोर. त्यात काय दिसलं होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. घाबरली नाही, चिडलीही नाही.

"ताई, फोटो काढताना मी पेशंटकडं बघते. श्वास सोडला की फोटो जातो. स्क्रीनकडं कोण बघतंय?"

"कधीच नाही?"

"फोटो आला की बघते. पूर्ण."

पुढे विचारायला तोंड उघडलं, मुलीला कधी पाठवलंस. नाही विचारलं. एकदा हिला माझ्या खात्रीवर घरी बसवलं होतं. तेव्हाही मला सगळं जुळलेलं दिसत होतं.

तेवढ्यात वहिनीने एका म्हाताऱ्या गृहस्थांना आत पाठवलं, परत बोलावलेल्यांपैकीच. प्र.ने त्यांना प्लेटपाशी नीट उभं केलं, खांदे पुढे घेतले, हनुवटी वर. काचेमागे आली. मी हलले नाही, तिच्या मागेच उभी राहिले.

"बाबा, श्वास भरून घ्या. भरा. धरून ठेवा."

बटण दाबलं. स्क्रीनवर छोटं चित्र उजळलं, अंधुक, बरगड्या मोजता याव्यात इतपत. प्र.ची नजर काचेतून बाबांवर होती. तिने मान वळवली नाही. पूर्ण फोटो येईपर्यंत नाही.

ही तिची सवयच आहे, की मी मागे उभी होते म्हणून, ते मला कळलं नाही.

"सोडा श्वास," ती म्हणाली.